समोरच्याचा फोकस

डोंबिवलीत गाडी घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर कोपर पूल, नाहीतर ठाकुर्लीचा पूल. कोपर पूल धोकादायक ठरला म्हणून सप्टेंबर २०१९मध्ये बंद झाला आणि ७ सप्टेंबर २०२१ला पुन्हा सुरू झाला. मधल्या दोन वर्षांत डोंबिवलीकरांनी जे हाल काढले ते अजून कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे पुलाबद्दल वाईट बोलायला सहसा कोणी धजत नाही. तरी रात्री या पुलावर एक गंमत होते. रुळांवरून जायचं म्हणून पुलाला आधी चढ, मग माथा, मग उतार. पलीकडून चढणाऱ्या गाडीचं नाक वर असतं. तिचे दिवे डिप्परवर असले तरी झोत आभाळाकडे जात असतो आणि गाडी माथ्याशी आली की तोच झोत थेट आपल्या डोळ्यांत येतो. त्या चालकाने काहीही चुकीचं केलेलं नसतं. आपण मात्र काचेआडून एक शिवी हासडतो. त्याच क्षणी आपल्या गाडीचंही नाक वर असतं, म्हणजे तोही आपल्याला हासडत असणार.

रात्रीच्या प्रखर दिव्यांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक सगळं शिष्टाचाराबद्दल असतं. लोकांना अक्कल नाही, अप्पर मारून चालवतात, गाडीला पैसे आहेत पण रीत नाही, वगैरे. त्यात खोटं काही नाही. पण अप्परवर चालवणारी सगळी मंडळी उद्या सकाळी शहाणी झाली तरी रात्रीचा त्रास बराचसा शिल्लक राहील, असं माझं मत आहे. कारण डोळ्यांत घुसणारा पुष्कळसा उजेड डिप्परवरच्याच गाड्यांचा असतो. कोणाचा फोकस हललेला असतो, कोणाच्या दिव्यात कंपनीने कधी न दिलेला बल्ब असतो, कोणाच्या मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत गावाकडचं तांदळाचं पोतं असतं. आणि खासगी गाडी शोरूममधून बाहेर पडली की पुढची पंधरा वर्षं तिचा फोकस कायद्याने कोणी तपासत नाही. प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं.

आधी डोळ्यांचं बघू. डोळे दिपतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होतात. एक म्हणजे नुसता त्रास: डोळे बारीक होतात, चिडचिड होते, पण दिसायचं तेवढं दिसत असतं. दुसरी म्हणजे खरोखरच दिसेनासं होणं. समोरचा तीव्र प्रकाश डोळ्याच्या भिंगात आणि आतल्या द्रवात विखुरतो, त्याचा एक पांढुरका पडदा दृष्टिपटलावर पसरतो आणि त्या पडद्याआड रस्त्याच्या कडेचा काळ्या कपड्यांतला माणूस पुसला जातो. माणूस तिथेच असतो, फक्त पार्श्वभूमीपासून त्याला वेगळं करणारा फरक नाहीसा झालेला असतो. हे गणित हॉलाडे आणि स्टाइल्स या दोघांनी १९२०च्या दशकात मांडलं आणि अजूनही त्याच पायावर प्रकाशतज्ज्ञ काम करतात. त्यांच्या पुढच्यांनी त्यात वयाचा हिशेब घातला. तरुण डोळ्यात जेवढा प्रकाश विखुरतो त्याच्या साधारण दुप्पट सत्तरीतल्या डोळ्यात विखुरतो. मोतीबिंदू धरू लागला असेल तर विचारायलाच नको. 'रात्री गाडी चालवायला नको वाटतं' असं घरातले काका म्हणू लागले तर त्यांना समोरच्या गाड्यांचा इतिहास ऐकवण्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जावं. दिवसा त्यांना तक्ता नीट वाचता येत असेल, तरीही.

गाडी निघून गेल्यावरही डोळा लगेच जागेवर येत नाही. काही सेकंद जातात, वयाप्रमाणे जास्त. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चार सेकंद धरले तर ५५ मीटर अंतर आपण अंदाजाने कापलेलं असतं, आणि आपल्या रस्त्यांवर ५५ मीटरांत काय काय असू शकतं ते सांगायला नको. दुचाकीवाल्याची अवस्था याहून वाईट. त्याला छत नाही, सन व्हायझर नाही आणि हेल्मेटच्या काचेवर दोन पावसाळ्यांचे ओरखडे. प्रत्येक ओरखडा समोरचा दिवा पकडून चांदणीसारखा फाकवतो. दोनशे-तीनशे रुपयांची ती काच बदलायला आपण जेवढा उशीर लावतो तेवढा दुसऱ्या कशालाच लावत नाही.

आता दिव्याकडे. डिप्परचा झोत ही फार हुशारीने केलेली गोष्ट आहे. जुन्या हॅलोजन दिव्यातला एचफोर बल्ब हातात घेऊन बघा. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची, ६० वॉटची, आणि एक डिप्परची, ५५ वॉटची. डिप्परच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. ती वाटी त्या तारेचा खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून प्रकाश खाली, रस्त्याकडे फेकला जातो. म्हणून डिप्परवर भिंतीसमोर गाडी उभी केली की उजेडाला वरच्या बाजूला कापल्यासारखी स्पष्ट रेघ दिसते. ही रेघ सरळसोटही नसते. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून ती डाव्या बाजूला थोडी वर चढते, कडेची माणसं आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. उजवीकडे, समोरच्या चालकाच्या बाजूला, ती खालीच राहते. युरोपच्या मानकात समोरच्या चालकाचा डोळा जिथे येईल त्या बिंदूवर, २५ मीटरवरच्या पडद्यावर, डिप्परचा प्रकाश ०.४ लक्सपेक्षा जास्त पडू नये असं बंधन होतं. पौर्णिमेच्या रात्री अंगणात पडणारं चांदणं साधारण पाव लक्सचं असतं. म्हणजे नियमाप्रमाणे बनवलेला आणि नियमाप्रमाणे लावलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जवळपास चांदण्याइतकाच उजेड टाकतो.

ही सगळी कारागिरी तार मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेल्या जागी असण्यावर उभी आहे. आणि इथेच ॲक्सेसरीजचं दुकान येतं. 'साहेब, कंपनीचा लाईट पिवळा आहे, एलईडी टाकून देतो, दिवस दिसेल.' दहा मिनिटांत हॅलोजनचा बल्ब निघतो आणि त्या खोबणीत मागे छोटा पंखा असलेला एलईडी बसतो. त्यात तार नसते, प्रकाश देणाऱ्या चौकोनी टिकल्या दांडीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात आणि त्या नेमक्या जुन्या तारेच्या जागी येतातच असं नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातल्यावर जे होतं ते आता त्या परावर्तकाचं होतं. भिंतीवरची कापलेली रेघ विरघळते आणि उजेड वर, बाजूला, जिकडे वाट मिळेल तिकडे उडतो. गाडीमालकाला समोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, तो खूश. पण हा पांढरेपणा बहुतेक बोनेटसमोरच्या दहा-वीस मीटरांत सांडलेला असतो. जवळचं जास्त उजळलं की डोळा तेवढ्या उजेडाला सरावतो आणि लांबचं उलट कमीच दिसतं. वर हे दिवे निळसर. हॅलोजनचा रंग ३,२०० केल्विनच्या आसपास असतो, दुकानातल्या एलईडीच्या खोक्यावर ६,००० किंवा ६,५०० छापलेलं असतं. उजेड मोजून सारखा असला तरी निळसर प्रकाश डोळ्यांना जास्त बोचतो, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. आणखी एक बारकावा दुकानदारही सांगत नाही. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या अख्ख्या दिव्यात ती चढती रेघ उजवीकडे असते. तसा दिवा आयात होऊन इथल्या गाडीला लागला तर नेमका समोरच्याच्या डोळ्यांवर धरला जातो.

इथे कंपनीच्या मूळ एलईडी दिव्यांना दोष द्यायचा नाही. त्यांचं भिंग, परावर्तक आणि टिकल्या एकमेकांसाठी बनवलेल्या असतात, रेघ लख्ख असते. त्यांची अडचण निराळी आहे. एसयूव्हीचे दिवे उंचावर असतात आणि छोट्या कारमधल्या किंवा स्कूटरवरच्या माणसाच्या डोळ्यांशी त्यांचं अंतर कमी पडतं. रेघ जेवढी तीक्ष्ण तेवढा खड्ड्यात गाडी उसळल्यावर बसणारा चपकाराही तीक्ष्ण. समोरचा अप्पर-डिप्पर मारतोय असं वाटतं, तो बिचारा फक्त खड्ड्यातून चाललेला असतो. कल्याण-डोंबिवलीत या प्रकारचं डिप्पर किती लागतं, हे मोजायला कोणा संस्थेची गरज नाही.

फोकसचं गणित साधं आहे, आणि या लेखातलं एकच गणित लक्षात ठेवायचं असेल तर हे. डिप्परची रेघ दर दहा मीटरला साधारण दहा सेंटिमीटर खाली उतरायला हवी. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर ती रेघ ७० मीटरवर जमिनीला टेकते. आता तोच दिवा फक्त एक अंश वर उचलला गेला असं समजा. एक अंश म्हणजे दहा मीटरला साडेसतरा सेंटिमीटर. उतरणारी रेघ आता दर दहा मीटरला साडेसात सेंटिमीटर चढू लागते आणि ७० मीटरच्या आत १२० सेंटिमीटर उंचीवर पोचते. रस्त्याची आखणी करणारे अभियंते चालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर धरतात. एक अंश चुकायला फार काही लागत नाही. पुढचा बंपर एकदा ठोकला आणि गॅरेजवाल्याने दिवा हाताने बसवला, किंवा डिकी गच्च भरली, की झालं.

डिकी भरल्यावर काय करायचं याची सोय बऱ्याच गाड्यांत कंपनीने दिलेली असते. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, गुडघ्याच्या वर, ०-१-२-३ असे आकडे असलेलं छोटं चाक असतं. मागे वजन वाढलं की ते फिरवून आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. एकटे असलात की पुन्हा शून्यावर. गाडी वापरणाऱ्या ओळखीच्यांना विचारून बघा: कोणी ते डॅशबोर्डच्या उजेडाचं चाक समजतं, कोणी एसीचं, आणि बरेच जण कधी हातच लावत नाहीत. गणपतीला चार माणसं आणि सामान भरून कोकणात निघालेल्या गाड्यांच्या रांगेत ही चाकं फिरली असती तर पळस्पे ते महाड रात्रीचा प्रवास थोडा सुसह्य झाला असता. (रस्त्याचं बाकी काय ते सोडून.)

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधला १०६वा नियम नेमका याच विषयावर आहे. दिवा असा बसवलेला आणि राखलेला असावा की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्याचे डोळे दिपू नयेत. जागा अगदी मोजून दिली आहे, पण 'दिपणं' म्हणजे किती उजेड, ते तिथे नाही. त्यामुळे चौकातला वाहतूक पोलीस हा नियम लावणार कसा? त्याच्याकडे दारू तपासायचं यंत्र असतं, वेग मोजायची गन असते, दिव्याचा कोन मोजायला हातात काहीच नसतं. अप्पर दिसला तर तो थांबवू शकतो, पण दंड सर्वसाधारण कलम १७७खालचा, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. बाहेरून बल्ब बदलण्यावर मात्र कायदा बराच कडक आहे. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमानुसार गाडीत परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या दहा मिनिटांच्या कामाची ही किंमत दुकानदार बिलावर लिहीत नाही.

मोजमाप होतं ते योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी. पण ते रिक्षा, टॅक्सी, बस, ट्रक अशा व्यावसायिक गाड्यांना. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तोवर तिची तपासणी एकच, पीयूसी, आणि पीयूसीत नळकांड्याचं तोंड बघतात, दिव्याचं नाही. एमएच-०५चा नंबर लागलेली एखादी कार पंधरा वर्षांत लाखभर किलोमीटर सहज धावेल, दोन-तीनदा ठोकली जाईल, तिचा बल्ब चारदा बदलेल. तिचा धूर दर वर्षी तपासला जाईल, उजेड एकदाही नाही. सरकारी आकडेवारीतही हा उजेड गायब आहे. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्या वर्षीच्या सरकारी अहवालात नियमभंगाप्रमाणे कारणं दिली आहेत: अतिवेग, दारू, उलट्या दिशेने गाडी चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाईल आणि 'इतर'. डोळे दिपून झालेला अपघात कुठे गेला असेल तर त्या 'इतर'मध्ये. नाहीतर अतिवेगात.

अप्परवाल्यांची बाजूही एकदा मांडायला हवी. ती मी मांडतोय ती दया म्हणून नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी थांबवायला, दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत, ८० मीटर लागतात असं भारतीय रस्ते काँग्रेस धरते. डिप्परची रेघ, आपण वर बघितलं, ७० मीटरवर संपते. म्हणजे डिप्परवर साठने जाणारा चालक दिसेल तेवढ्यात थांबू शकत नाही. काळोखा, मोकळा रस्ता असेल, समोर कोणी नसेल, तर अप्पर हवाच, तो त्याचसाठी दिलाय. माळशेज घाटात डिप्परवर जाणारा सज्जन म्हणवणार नाही. वाद आहे तो समोर गाडी दिसल्यावर, कोणाच्या मागे लागल्यावर आणि दिवे असलेल्या गावात-शहरात. तिथे डिप्परच, आणि डिप्परला पुरेल तेवढाच वेग, म्हणजे चाळीसच्या आसपास. शहरात अप्परवर चालणाऱ्यांत मोठा भरणा दुचाकींचा आहे आणि त्यातल्या पुष्कळांना आपण अप्परवर आहोत हेच माहीत नसतं. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करता येत नाही. डाव्या अंगठ्याचं बटण एकदा वर गेलं की महिनोन् महिने वरच. मीटरवर निळा दिवा जळत असतो, तो सजावटीचा आहे असं वाटतं की काय कोण जाणे.

एके काळी हा धडा ट्रकच्या पाठीवर लिहिलेला असायचा. 'हॉर्न ओके प्लीज'च्या जोडीला 'यूज डिप्पर ॲट नाईट'. त्यातल्या 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्राने २०१५मध्ये बंदी घातली, कारण ते वाचून लोक खरंच हॉर्न वाजवतात. डिप्परचं वाचून कोणी डिप्पर मारल्याचं मात्र ऐकिवात नाही. २०१६मध्ये टाटा मोटर्सने ट्रकचालकांतल्या एड्स-जागृतीसाठी काढलेल्या कंडोमला 'डिप्पर' हेच नाव दिलं, कारण हा शब्द प्रत्येक चालकाला पाठ आहे. पाठ असणं आणि पाळणं यांतलं अंतर तिथेही असणारच. त्याआधी फियाट-ॲम्बेसिडरच्या काळात दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असे. १९६५ आणि १९७१च्या युद्धांतल्या ब्लॅकआऊटमध्ये तर दिवे जवळपास झाकूनच गाड्या निघत. जुन्या दिव्याची काचच भिंगाचं काम करी, तेव्हा तो काळा पट्टा थोडाफार उपयोगी पडत असेल. आजच्या साध्या पारदर्शक काचेमागच्या दिव्याला रंग फासून काही साधत नाही.

कोपरला राहणाऱ्या माणसाला डिप्परचा खरा आदर्श बघायचा असेल तर त्याने रस्त्याकडे पाठ करावी. खालून मध्य रेल्वे, वरून वसई-दिवा मार्ग, असं हे ठिकाण. रेल्वेच्या सामान्य नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की दुहेरी मार्गावर समोरून दुसरी गाडी येत असेल तर इंजिनाचा मुख्य दिवा मंद करायचा. दोन गाड्या वेगवेगळ्या रुळांवर असतात, समोरासमोर धडकायचा प्रश्न नसतो, कोणाला स्टिअरिंग फिरवायचं नसतं. तरी एक चालक दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार करतो, कारण तो नियम आहे आणि तो नियम शिकवलेला आहे. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा शिकवतात, रिव्हर्स शिकवतात. रात्री गाडी चालवायला किती जणांना शिकवलं, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

रस्त्याचा वाटाही मोठा आहे. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लावतात ती शोभेसाठी, असा गैरसमज आहे. दीड मीटरभर उंच आणि दाट झुडपांची रांग असली की समोरच्या बाजूचे दिवे डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. कण्हेर कमी पाण्यावर जगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती निवडतात. दुभाजकातून ये-जा करण्यासाठी मधली चार झुडपं तोडली की तेवढ्याच फटीतून उजेडाचा फटका बसतो, आणि एकसलग झोतापेक्षा असा अधूनमधून बसणारा फटका वाईट. कल्याण-शिळ रस्त्यावर तर आता झुडपांचा विचारही करता येणार नाही. मेट्रो-१२चं काम, मध्ये पत्र्याचे अडसर, कुठे मार्गिका वळवलेली. काटई नाक्यापासून शिळफाट्यापर्यंत रात्री गाडी चालवताना समोरची गाडी नेमकी कोणत्या मार्गिकेतून येतेय हेच पुष्कळदा कळत नाही. दिवसा अवजड गाड्यांना बंदी असते, त्यामुळे त्यांची सगळी गर्दी रात्रीच्या तासांत. त्यात जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ओला रस्ता आरसा होतो: आपल्या दिव्याचा उजेड पुढे परावर्तित होऊन समोरच्याकडे जातो, समोरच्याचा आपल्याकडे येतो आणि पांढरे पट्टे दोघांनाही दिसत नाहीत. अशा रस्त्यावर चालकांना संयमाचे डोस पाजण्याआधी पट्टे वर्षातून दोनदा रंगवणं आणि अडसरांवर परावर्तक लावणं, हे काम रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याचं.

तंत्रज्ञान वाचवेल का? आशा जुनी आहे. पोलरॉइडचा जनक एडविन लँड याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सुचवलं होतं की प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि पुढच्या काचेवर ठरावीक कोनातली ध्रुवक फिल्म लावावी, म्हणजे आपला उजेड आपल्याला दिसेल, समोरच्याचा गाळला जाईल. भौतिकशास्त्र बिनचूक होतं. पण ते उपयोगी पडायला सगळ्या गाड्यांना एकदम लावायला हवं होतं, अर्धा उजेड गाळला जात असल्याने दिवे आणखी प्रखर करावे लागले असते, आणि मोटार कंपन्यांनी ते घेतलं नाही. फ्रान्सने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३पर्यंत पिवळे दिवे सक्तीचे ठेवले आणि मग युरोपाबरोबर पांढऱ्यावर आला. आजचा उपाय म्हणजे कॅमेऱ्याने समोरची गाडी ओळखून झोताचा तेवढाच तुकडा विझवणारे दिवे. युरोपात ते बरीच वर्षं आहेत, अमेरिकेने २०२२मध्ये परवानगी दिली, आपल्याकडे महागड्या गाड्यांत येऊ लागलेत. कॅमेऱ्याला गाडी दिसते, पण कडेने विनादिव्याची सायकल घेऊन जाणारा माणूस दिसेलच याची खात्री नाही. ब्रिटनमध्ये तक्रारी इतक्या वाढल्या की २०२४मध्ये सरकारने त्यावर स्वतंत्र अभ्यास करवून घ्यायचं ठरवलं. सुस्थितीतले रस्ते असलेला आणि दरवर्षी गाडीच्या तपासणीत फोकस मोजणारा देश जर वैतागला असेल, तर आपल्या वैतागाला लाजायचं कारण नाही.

यात एक पेच आहे आणि तो बाजार सोडवणार नाही. प्रखर दिव्याचा फायदा घेणाऱ्याला होतो, तोटा समोरच्याला. समोरच्याच्या डोळ्यांना सुखाचा दिवा घेऊन घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून तो कोणी मागत नाही आणि कोणी विकत नाही. अशी गोष्ट तपासणीनेच होते, धुराची तपासणी याच कारणाने आली.

तोवर आपल्या हाती काय? बाजारात मिळणारे रात्रीचे पिवळे चष्मे हा तर निव्वळ पैसा वाया. २०१९मध्ये हार्वर्डशी संलग्न शेपेन्स संस्थेतल्या संशोधकांनी गाडीच्या सिम्युलेटरवर ते तपासले. रस्त्यावरचा माणूस ओळखण्यात त्यांचा काही उपयोग दिसला नाही. रंगीत काच उजेड कमी करते, आणि रात्री उजेड आधीच कमी असतो. काळ्या फिल्मचंही तेच, शिवाय २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती चालत नाहीच. पुढची काच मात्र आतून पुसावी. आतल्या बाजूला धुळीचा आणि डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडणाऱ्या वाफेचा तेलकट थर बसतो. दिवसा तो दिसत नाही, समोर दिवा आला की सगळी काच दुधाळ होते. आतला आरसा खालच्या खुंटीने रात्रीच्या स्थितीत करावा, मागच्या एसयूव्हीचा प्रश्न तेवढ्याने मिटतो. समोरून प्रखर झोत आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर न्यावी आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा. एकदा अप्पर-डिप्पर करून आठवण द्यायला हरकत नाही. सूड म्हणून अप्पर लावून ठेवला तर दीडशे फुटांवर दोन आंधळे समोरासमोर येतात.

आणि आपला स्वतःचा फोकस. टायरांत हवा नीट, रोजचं वजन आत, चाक शून्यावर. सपाट जागेवर सोसायटीच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूची रेघ मारा. डिप्पर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली हवी, आणि डावीकडे थोडी चढलेली. कड वर असेल तर बोनेटखाली दिव्याच्या मागे स्क्रू असतो, स्क्रू-ड्रायव्हरने तो फिरवता येतो. नाही जमलं तर गॅरेजमध्ये 'फोकस सेट करून दे' म्हणा. कडच दिसत नसेल, नुसता पांढरा धुरळा असेल, तर तो दुकानातला एलईडी काढून कंपनीचा हॅलोजन परत बसवा. दुचाकीची हीच तपासणी सीटवर माणूस बसवून करायची.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. हेल्मेट घालून फेरी निघते, फुलं वाटली जातात, फोटो छापून येतात. येत्या जानेवारीत कल्याणच्या आरटीओने एवढंच करावं: कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या वेशीवर फोकस मोजायचं एकेक यंत्र ठेवून संध्याकाळी सात ते दहा फुकट तपासणी करावी, दंड न लावता, स्क्रू फिरवून देऊन. आणि परिवहन विभागाने पीयूसी केंद्रातच दिव्याचीही तपासणी सक्तीची करावी. गाडी तिथे दरवर्षी येतेच, भिंतही तिथे असतेच.